आधी राख काढू या : आमच्या पाळकांना आणि कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीचे सभासद, आणि नगर जिल्ह्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सेवा करणारे सगळे बंधुभगिनी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मागच्या रविवारी उपासना संपताना सूचना वाचल्या गेल्या. त्यांत यंदाच्या संजीवन सभांची, म्हणजे गार पडलेला विश्वास पुन्हा जागवायच्या सभांची, सूचना होती. तीन रात्री, बाहेरगावचे वक्ते, मांडव, साउंड सिस्टिम, शेवटच्या रात्री प्रीतिभोजन, आणि दर घरामागे ५०० रुपये. वर्गणी मी देणार आहे. मांडवात येऊन बसणार आहे. भाकऱ्या करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव दरवर्षीसारखं राहू द्या. तरीही सूचना ऐकताना पोटात कालवल्यासारखं झालं. दरवर्षी आपण तीन रात्री पेटतो आणि महिन्याभरात होतो तिथंच येऊन बसतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि मोठ्यानं कुणी बोलत नाही.

हे पत्र बंद पाकिटात घालून चिटणीसांकडे देता आलं असतं. उघड लिहिते आहे, कारण हे एकट्या आपल्या मंडळीचं दुखणं नाही. राहुरीच्या, श्रीरामपूरच्या, शेवगावच्या माझ्या मैत्रिणी फोनवर हेच सांगतात. 'चर्चला जाते गं, पण मन लागत नाही. प्रार्थनेला बसलं की नुसते शब्द निघतात.' एवढं सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो, जणू घरातली एखादी झाकून ठेवायची गोष्ट सांगताहेत. तो आवाज खाली का येतो, याबद्दल मला लिहायचं आहे.

आधी माझं सांगते, कारण स्वतःचं झाकून दुसऱ्यांच्या मनाविषयी बोलणं बरं नव्हे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं आणि संडे स्कूल २२ वर्षं घेतली. विश्वासाचं बाळकडू घरातच मिळालं होतं, पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो विश्वास माझा स्वतःचा झाला. त्या दिवसांत गवत काढायला रानात गेले तरी मी प्रभूशी बोलत असायची. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, राहवायचं नाही म्हणून. विळा एकीकडे चालायचा आणि बोलणं एकीकडे. मागायचं असं काही नसायचं. आज काय झालं, कोण काय म्हणालं, मला कशाची भीती वाटली, असंच.

ते कधी थांबलं हे मला सांगता येत नाही. काही घडलं नव्हतं. घरात कुणी दगावलं नाही, देव आहे की नाही असा प्रश्न पडला नाही, हातून मोठं पाप झालं नाही. समोर ठेवलेला चहा कधी गार झाला हे कुणी बघत बसत नाही, ओठाला लावल्यावर कळतं. माझंही तसंच झालं. डिसेंबरातल्या एका प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या देहाची आणि रक्ताची खूण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या रविवारी, मी वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून होते. हातात तो इवलासा पेला होता. पाळकसाहेब एकेकापुढं थांबत, ते शब्द उच्चारत पुढं सरकत होते. मी मनात हिशोब करत होते की नाताळच्या नाटकात बाळ येशूला भेटायला येणारे मागी लोक तीन आहेत आणि मुकुट दोनच, तिसरा पुठ्ठ्याचा कापून त्याला चांदीचा कागद लावावा लागेल. पेला रिकामा करून मी उठले, जागेवर येऊन बसले, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी काय पिऊन आले आहे.

त्याहून मोठी भीती वाटली ती दुपारी. महिला मंडळात मला प्रार्थना करायला सांगितलं. मी केली. दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. 'बाई, काय प्रार्थना करता हो तुम्ही! आतून आल्याशिवाय असे शब्द येत नाहीत,' असं एकीनं जवळ येऊन सांगितलं. माझ्या आतून एक शब्दही आला नव्हता. एवढ्या वर्षांच्या सरावानं जीभ आपलं काम चोख करत होती, मन तिथं हजरही नव्हतं. घरी जाताना वाटलं, आता मला कुणी विचारणारसुद्धा नाही, कारण बाहेरून सगळं शाबूत आहे.

मग मी जे सगळे करतात ते केलं. पहाटे साडेचारचा गजर लावला. उपास धरले. फोनवर एकामागून एक संदेश ऐकले. एका मोठ्या मेळाव्याला गेले. कुठल्या ते महत्त्वाचं नाही. 'ज्यांचं मन थंड झालंय त्यांनी हात वर करा,' असं वक्ते म्हणाले तेव्हा मी हात वर केला. त्या वयात, ओळखीच्या माणसांत, मला ते सोपं नव्हतं. एक स्वयंसेवक आला, माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यानं मिनिटभर प्रार्थना केली, कार्डावर माझं नाव आणि मोबाईल नंबर लिहून घेतला आणि पुढच्या माणसाकडे गेला. तो पोरगा मनापासून करत होता, त्याला मी दोष देत नाही. पण 'काय झालंय, बाई?' एवढं त्यानं विचारलं असतं तर मी तिथंच खाली बसून सगळं सांगितलं असतं. पुढं वर्षभर फोनवर त्यांच्या सभांची आमंत्रणं येत राहिली.

आमच्या वाडीच्या शेवटच्या घरात एक आजी राहायची. वयानं पंच्याऐंशीच्या पुढं. शाळेचं तोंड बघितलेलं नव्हतं, आणि डोळेही गेले होते. दर गुरुवारी मी तिला एक स्तोत्र वाचून दाखवायला जायची. खरं सांगायचं तर तेही एक कर्तव्य म्हणूनच. एका गुरुवारी ६३ वं स्तोत्र आलं, कोरड्या, तहानलेल्या, पाणी नसलेल्या भूमीत जीव देवासाठी तळमळतो ते. दुसऱ्या ओळीपाशी माझा आवाज अडला.

'का गं थांबलीस?'

'आजी, मला यातलं काहीच वाटत नाही. लई वर्षं झाली.'

मी हे आजवर कुणालाही बोलले नव्हते. आजी दचकली नाही. तिनं मला एकही वचन सांगितलं नाही. ती म्हणाली, 'मंग आधी का नाही बोललीस? इस्तू इझला तर शेजारी जात्यात का न्हाई?'

आजच्या पोरांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. गॅसच्या आधी, काडेपेटीची काडीसुद्धा जपून वापरायचे त्या दिवसांत, रात्री स्वयंपाक झाला की बाया चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवायच्या. पहाटे वरची राख अलगद बाजूला केली की खाली लाल टिपका दिसायचा. त्यावर शेणकुटाचा चुरा टाकायचा, फुंकणीनं हळूहळू फुंकर घालायची, घर धुरानं भरून जायचं आणि मग जाळ व्हायचा. एखाद्या घरी राखेखालीही काही उरलेलं नसे. मग त्या घरची बाई खापराचा तुकडा आणि गोवरीचं खांड घेऊन शेजारच्या दारात जायची. 'इस्तू हाय का गं?' बस, एवढंच. तुझा कसा विझला, तू झाकला नव्हतास का, असं कुणी विचारल्याचं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. आज तिचा विझला, उद्या हिचा विझेल, हे सगळ्या वाडीला माहीत असायचं.

आजीनं माझा हात धरला आणि दोन वाक्यांची प्रार्थना केली. 'बापा, ही तुझी लेक गारठलीया. हिला जवळ घे.' मला त्या वेळी काहीही वाटलं नाही. मी घरी गेले, कालवण टाकलं, वह्या तपासल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. पण आता मी वाचून दाखवायला जात नव्हते, शेकायला जात होते. असे चार महिने गेले. मधेच एका गुरुवारी आजीनं सहज विचारलं, 'तुज्या जावंचं काय?'

माझ्या जाऊबाईशी मी सहा वर्षं बोलत नव्हते. घराच्या वाटणीत एक भिंत आणि एक नळ, एवढ्यावरून झालं होतं. चर्चमध्ये ती डावीकडे बसायची, मी उजवीकडे. प्रभुभोजनाला आम्ही एकाच कठड्याशी गुडघे टेकायचो, मधे चार माणसं सोडून. तुम्हां सगळ्यांना हे ठाऊक होतं, पाळकसाहेब. आधीच्या पाळकांनाही ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही. आमचं घर देणगीला कधी मागं नव्हतं, म्हणूनही असेल.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती ओट्यावर मेथी निवडत होती. 'ये,' म्हणाली, वर न बघता. मी म्हटलं, 'त्या दिवशी तुझ्या आईवरून बोलले ते माझं चुकलं.' ती गप्प. चांगला दहा मिनिटं मेथीचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं जुडीतली अर्धी मेथी माझ्यापुढं सरकवली आणि मी निवडायला लागले. त्या दिवशी आमच्यात दुसरं काही बोलणं झालं नाही. पण घरी येताना, विहिरीजवळच्या वळणावर, माझ्या लक्षात आलं की मी प्रभूशी बोलते आहे. काही मागत नव्हते. तिच्या हाताला कंप आलाय, तिची मेथी किती कोवळी होती, असलंच काहीतरी त्याला सांगत होते. गवत काढताना बोलायची तसं.

यानंतर बायबलातलं लेवीय हे पुस्तक वाचताना एक गोष्ट नजरेत भरली, जी पूर्वी कितीदा वाचूनही दिसली नव्हती. सहाव्या अध्यायात वेदीवरच्या अग्नीचा नियम आहे. तो अग्नी विझू द्यायचा नाही, याजकानं रोज सकाळी त्यावर लाकडं ठेवायची, हे आपण सगळे संदेशात ऐकतो. पण त्याच्या आधी काय सांगितलंय? याजकानं तागाची वस्त्रं घालून आधी रात्रीची राख उचलायची. ती वेदीशेजारी ठेवायची, मग कपडे बदलायचे आणि छावणीबाहेर एका शुद्ध जागी ती राख नेऊन टाकायची. दिवसाचं पहिलं काम राख काढणं. आणि ते काम नोकराचं नव्हे, याजकाचं, स्वतःच्या हातानं. अग्नी पहिल्यांदा पेटला तो परमेश्वराकडून आला होता, हे नवव्या अध्यायात आहे. तो आणायला याजकाला कुणी सांगितलेलं नाही.

राख म्हणजे केर नव्हे, हेही तिथंच मला कळलं. केर असता तर तागाची वस्त्रं घालून उचलायला आणि शुद्ध जागी टाकायला कुणी सांगितलं नसतं. राख ही कालच्या खऱ्या अग्नीची, कालच्या खऱ्या अर्पणाची. आपल्याकडे अशी राख पुष्कळ आहे. १८३१ साली नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, त्याला आता दोनशे वर्षं होत आली. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीनं त्यांच्याशी बोलणं तोडलं, आणि तरी ते दर रविवारी सात कोस चालत उपासनेला जायचे, असं घरात सांगतात. ती आग खरी होती. आज आपण तिच्या स्मरणिका छापतो, शताब्दीच्या कमानी उभारतो, कुणाचे आजोबा पहिले आणि कुणाचे दुसरे यावरून बाकांवरच्या जागा ठरवतो. मिळकतीच्या दाव्यांना कोर्टात तारखा पडताहेत, कमिटीच्या निवडणुकीत पडलेले दोन गट अजून एकमेकांना सलाम घालत नाहीत. त्या सगळ्यावर आपण दरवर्षी तीन रात्रींची ओली लाकडं रचतो आणि जाळ का होत नाही म्हणून बाहेरगावच्या वक्त्यांना बोलावतो.

संजीवन म्हटलं की आपल्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं केडगावचं. नगरच्या वेशीवरचं केडगाव नव्हे, दौंडकडचं, पंडिता रमाबाईंनी निराधार बाया-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनचं. सभेच्या पत्रकावर यंदाही '१९०५ सारखा वर्षाव होवो' असं छापलंय. त्या साली मुक्तीत मोठं संजीवन झालं होतं, आणि ती प्रार्थना माझीही आहे. पण रमाबाईंच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी आपण पत्रकावर कधी छापत नाही, आणि मला त्याच जास्त लागतात.

पहिली अशी. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतर त्यांनी काय नाही केलं? अमेरिकेत फिरून विधवांसाठी मदत उभी केली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं, सनातन्यांचा आणि सुधारकांचाही रोष अंगावर घेतला. एवढं काम करणारी बाई. आणि त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता. हे वाक्य त्यांनी लपवलं नाही. साक्ष लिहिली १९०७ साली, म्हणजे संजीवनाची कीर्ती देशोदेशी गेल्यावर. त्या वेळी झाकून ठेवणं किती सोपं होतं! आठ वर्षं बाईंना ख्रिस्त भेटलाच नव्हता, हे कळल्यावर लोक काय म्हणतील, याचा विचार त्यांनी केला असता तर माझ्यासारखीला आज आधार उरला नसता. आपल्या मंडळीत अशी साक्ष शेवटची कधी झाली? आपल्याकडच्या साक्षी ऑपरेशन यशस्वी झालं, नोकरी लागली, व्हिसा मिळाला, अशा असतात. त्यांबद्दल उपकारस्तुती व्हायलाच हवी. पण 'मी कमिटीत आहे, १० वर्षं सेवा करतोय, आणि माझं मन कोरडं आहे' असं म्हणायला आपल्या व्यासपीठावर जागा नाही.

दुसरी गोष्ट १९०५ चीच. २९ जूनच्या पहाटे एका मुलीवर पवित्र आत्म्याचा असा वर्षाव झाला की शेजारच्या मुलीला वाटलं हिला खरोखरच आग लागली, आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अॅब्रम्स बाईंनी हे सांगून ठेवलंय, आणि ते आपल्याला फार आवडतं. मात्र त्याआधी काय झालं? जानेवारीत रमाबाईंनी मुलींना प्रार्थनेसाठी बोलावलं तेव्हा सत्तरेक जणी पुढं आल्या. त्या रोज एकत्र जमत राहिल्या, आणि जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या घरात गेली, दिवसातून दोनदा. सहा महिने. त्यांत दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी होत्या, ज्यांचं जगात कुणी नव्हतं. बादलीच्या दुसऱ्या दिवशी रमाबाई रोजच्यासारख्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या, तेव्हा मुली रडू लागल्या आणि आपापली पापं कबूल करू लागल्या. मांडव नव्हता, बाहेरचे वक्ते नव्हते. सहा महिने राख निघत होती. आपल्याला तीन रात्रींत १९०५ हवंय, पाळकसाहेब, आणि जानेवारी ते जून कुणाला नकोय.

एक गोष्ट मधेच सांगते, नाहीतर राहून जाईल. प्रत्येक गारठलेलं मन पापानंच गारठलेलं असतं असं नाही. आपल्या मंडळीत रात्रभर आजारी माणसापाशी जागणाऱ्या बाया आहेत. तरुण मुलगा गेल्यावर दोन वर्षं एक गाणंही न गायलेला बाप आहे. काहींना डॉक्टरचीच गरज आहे, आणि तसं त्यांना सांगायला आपण लाजू नये. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून 'आता माझा जीव घे' म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला पश्चात्तापाचा संदेश दिला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. संजीवन सभेत अशा माणसांकडे बोट दाखवून 'तुमचा विश्वास कमी पडला' असं म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. कृपा करून यंदाच्या वक्त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता तुमच्याविषयी. हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते.

पाळकसाहेब, तुमचं मनही गार पडत असेल. मी तुम्हाला तीन वर्षं बघते आहे. सोमवारी तुम्ही वकिलाकडे असता, मंगळवारी तहसीलला, बुधवारी शाळेच्या बैठकीला. गुरुवारी कुणाचं तरी दफन, शुक्रवारी वर्गण्यांचा हिशोब, आणि शनिवारी रात्री कधीतरी संदेश. तुम्ही आमच्याकडे येता तेव्हा पावती पुस्तक बरोबर असतं, कारण ते बरोबर आणायची वेळ आम्हीच तुमच्यावर आणली. यरुशलेमेतल्या प्रेषितांपुढं अन्नवाटपाचं गाऱ्हाणं आलं, तेव्हा त्यांनी ते काम हलकं मानलं नाही. त्यासाठी मंडळीला सात चांगली माणसं निवडायला सांगितली आणि स्वतः प्रार्थनेला व वचनाला चिकटून राहिले. कमिटीतल्या बंधूंनो, आपल्यात वकील आहेत, निवृत्त तलाठी आहेत, बँकेत हयात घालवलेली माणसं आहेत. कोर्ट आणि हिशोब तुम्ही उचला. पाळकांच्या सकाळी त्यांना परत द्या. आणि त्यांनी एखाद्या रविवारी व्यासपीठावरून 'या आठवड्यात मला प्रार्थना करता आली नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा' असं म्हटलं, तर पुढच्या बैठकीत त्याचा ठराव करू नका. त्यांनाही कुणाच्या तरी दारात खापर घेऊन जाता आलं पाहिजे. ते पाळक आहेत म्हणून त्यांना थंडी वाजत नाही असं नाही.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, इफिसच्या मंडळीला प्रभूनं जे पत्र पाठवलं ते मला अलीकडे पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. केवढं कौतुक आहे त्यात! श्रम, धीर, खोट्या प्रेषितांना ओळखण्याची पारख. आपली वार्षिक सभा असती तर टाळ्या पडल्या असत्या. आणि मग एकच वाक्य, की पहिली प्रीती तू सोडलीस. पुढं उपाय आहे तो इतका साधा, की आपण त्याच्यावरून पुढं निघून जातो: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिल्यासारखी कामं कर. नवीन कामं कर असं म्हटलेलं नाही. माझ्या बाबतीत पहिलं काम गवत काढताना बोलणं हे होतं. तुमचं कुठलं होतं, ते तुमचं तुम्हाला माहीत असेल.

माझं मागणं लहान आहे. संजीवन सभा होऊ द्यात. पण त्याआधी, आणि त्यानंतरही, दर प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी एक तास चर्च उघडं ठेवा. संदेश नको, माइक नको, पेटी-तबला नको. पाळकसाहेब, तुम्ही पुढच्या बाकावर बसा, व्यासपीठावर नव्हे. ज्याला बोलायचंय तो शेजारी येऊन बसेल. ज्याला कुणाशी समेट करायचाय, तो त्या माणसाला घेऊन येईल. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं प्रभूनंच सांगितलंय, आणि त्यासाठी रविवारच्या उपासनेत वेळ नसतो. ज्याला नुसतं गप्प बसायचंय त्याला बसू द्या. पहिल्या शनिवारी चार माणसं येतील. एखाद्या शनिवारी एकच येईल. त्याचा आकडा अहवालात घालू नका.

आणि महिन्यातून एका घरी तरी पावती पुस्तक न घेता जा. ज्या घरातली माणसं रविवारी मागच्या बाकावर बसून शेवटच्या आशीर्वादाआधीच निघून जातात, त्या घरी आधी. त्यांना 'दिसला नाहीत' असं म्हणू नका. त्यांच्या ओट्यावर बसा, मेथी असेल तर निवडा.

आजी मागच्या वर्षी प्रभूकडे गेली. दफनाला आपण सगळे होतो. तिच्या पेटीत दोन लुगडी, एक चष्मा आणि माझ्या आईच्या वेळची फुंकणी निघाली. कधीतरी उसनी नेलेली, परत द्यायची राहिलेली. ती आता माझ्याकडे आहे.

येत्या महिन्यात प्रभुभोजन पहिल्या रविवारी आहे. आदल्या शनिवारी साडेपाच वाजता मी चर्चच्या पायरीवर येऊन बसणार आहे. जाऊबाईही येते म्हणालीय. किल्ली शिपाईमामांकडे असते आणि शनिवारी ते बाजाराला जातात, तेवढं आधी सांगून ठेवा.

आपली,
संडे स्कूलची एक शिक्षिका